फुटबॉलचा गंजिफा: सावंतवाडीच्या एका नव्या संचाचे परीक्षण

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, पाट आणि भातुकली घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांची चित्रे असलेले गोल खेळायचे पत्ते, नवीन नाहीत. परंतु गेल्या दिवाळीनंतर तेथील एका छोट्या दुकानात मला जो संच दिसला, त्यात मत्स्य, कूर्म आणि वराह यांच्या जागी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड बसले होते आणि प्रत्येक राजाच्या पायाशी कातडी चेंडू होता. १८८३-८४ च्या हंगामात या चार शेजाऱ्यांनी आपसांत खेळलेल्या फुटबॉल स्पर्धेवर हा संच बेतलेला आहे. राष्ट्रीय संघांनी साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा, खेळलेली ही जगातील पहिली स्पर्धा समजली जाते. वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत ३१ वर्षे खेळाचा तास घेऊन मी निवृत्त झालो आहे. भर पावसात, घोटाभर चिखलात, पोरांच्या मागे शिटी फुंकत धावलेल्या माणसाला असा संच दिसल्यावर हात आवरणे कठीण होते. ३,५०० रुपये मोजून मी तो घेतला, आणि पूर्ण पावसाळा धरून आठ महिने वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

प्रथम वस्तूविषयी सांगतो. संचात ४८ गोल पत्ते आहेत. प्रत्येक पत्ता साधारण पुरीएवढा असून हाताने रंगवलेला आहे, वर लाखेचा थर आहे आणि सर्व पत्ते सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत बसवलेले आहेत. पेटीच्या चारही बाजूंना वेलबुट्टी काढली आहे, आणि त्या वेलीत जास्वंदीच्या फुलांमध्ये एक एक चेंडू लपवला आहे, जो पहिल्या नजरेला दिसत नाही आणि एकदा दिसला की मग दुसरे काही दिसत नाही. पारंपरिक दशावतारी संचात दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते, असे १२० पत्ते असतात; येथे चार देश म्हणून चार रंग, म्हणजे बारा चोक अठ्ठेचाळीस. रंगकामाबद्दल तक्रारीला जागा नाही. वेल्सचा ड्रॅगन तर एखाद्या देवळाच्या प्रभावळीतल्या मकराचा सख्खा भाऊ वाटतो, आणि स्कॉटलंडच्या गडद निळ्या पार्श्वभूमीवर उभा असलेला सिंह पाहताना चितारी दशावतारातल्या नृसिंहावर हात बसवून आला आहे, हे लगेच कळते.

या संचाची खरी करामत मात्र चित्रांत नाही, तर पत्त्यांच्या मानक्रमात आहे. गंजिफाच्या प्रत्येक रंगात राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान, आणि त्याखाली एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा पत्ते असतात. हे दहा पत्ते निम्म्या रंगांत दश्शीकडून उतरत जातात आणि उरलेल्या निम्म्या रंगांत उलटे, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. नव्याने खेळायला बसलेला माणूस येथेच हमखास फसतो. या संचाच्या कर्त्याने ती जुनी युक्ती अशी वापरली आहे की स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन रंगांत दश्शी मोठी ठेवली, आणि वेल्स व आयर्लंड या दोन रंगांत एक्का. त्यामागे १८८४ चे हिशोब आहेत. स्कॉटलंडने तीन सामन्यांत बरोबर १० गोल केले आणि केवळ एक खाल्ला. आयर्लंडने तीन सामन्यांत १९ गोल खाल्ले आणि केला तो फक्त एक. म्हणजे आयर्लंडच्या एक्क्यावरचा एकुलता एक चेंडू हा त्या संपूर्ण हंगामातला त्यांचा एकुलता एक गोल आहे, आणि तोच पत्ता त्यांच्या रंगात राजा-प्रधानाखालोखाल सर्वांत मोठा आहे. हे जेव्हा माझ्या लक्षात आले, तेव्हा मी चहा टाकून पुन्हा एकदा सगळे पत्ते मांडून बसलो.

इंग्लंडच्या बाबतीत मात्र पत्ते पुरले नाहीत. इंग्लंडने स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे १२ गोल केले होते, आणि गंजिफा दहावर थांबतो. पण इंग्लंडच्या राजाच्या दोन्ही हातांत एकेक चेंडू आहे, असे पाहून मी मनातल्या मनात कर्त्याला शाबासकी दिली. पुढे दुकानात गेलो असता चिताऱ्याला विचारले, तर तो म्हणाला की तसे काही नाही, हात रिकामे बरे दिसेनात म्हणून चेंडू दिले. असो. योगायोगाने का होईना, हिशोब जुळला.

सामन्यांचा क्रम संचासोबतच्या माहितीपत्रिकेत दिला आहे, आणि तो मी तपासून पाहिला. निकालांत चूक नाही. पहिला सामना २६ जानेवारी १८८४ रोजी बेलफास्टला झाला आणि त्यात स्कॉटलंडने आयर्लंडला ५-० असे हरवले. हे दोन देश त्याआधी एकमेकांशी कधीच खेळले नव्हते, ही गोष्ट पत्रिकेने एका वाक्यात उरकली आहे. माझ्या मते तिला अधिक जागा द्यायला हवी होती, कारण इतर पाच जोड्या दोस्तीच्या सामन्यांत आधीच भेटल्या होत्या आणि ही सहावी जोडी जुळल्यावरच वर्तुळ पूर्ण झाले. ९ फेब्रुवारीला रेक्सम येथे वेल्सने आयर्लंडवर सहा गोल चढवले. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात इंग्लंडने बेलफास्टला जाऊन ८-१ असा विजय मिळवला, ज्यात हॅरी कर्शमचे तीन गोल होते. आपल्या एक्क्यावरचा चेंडू तो याच सामन्यातला. त्यानंतर १५ मार्चला ग्लासगोच्या कॅथकिन पार्कवर स्कॉटलंड आणि इंग्लंड समोरासमोर आले, आणि जॉन स्मिथने सुरुवातीलाच केलेला गोल शेवटपर्यंत पुरला. त्या शनिवारी हरलेल्या इंग्लंडने सोमवारी, १७ मार्चला, रेक्समला वेल्सचा ४-० असा पराभव केला. मध्ये फक्त रविवार होता, आणि ग्लासगो ते रेक्सम हा प्रवास आगगाडीचा. २९ मार्चला स्कॉटलंडने वेल्सला ४-१ असे नमवून तिन्ही सामने जिंकले. सहा सामने, ३० गोल, आणि विजयाला दोन गुण या हिशोबाने स्कॉटलंड ६, इंग्लंड ४, वेल्स २, आयर्लंड ०: इतका नीट उतरता कोष्टक साखळी स्पर्धेत क्वचितच मिळतो. बारा गोल करणारा दुसरा आणि दहा गोल करणारा पहिला, यातली गंमत मुलांना समजावताना हे पत्ते फार उपयोगी पडतात, कारण पाटावर दोन्ही रंग मांडले की प्रश्न पोरेच विचारतात.

पत्रिकेने टाळलेला एक धागा मात्र मला खटकला. रेक्समच्या त्या सामन्यात इंग्लंडसाठी गोल करणाऱ्यांत विल्यम गन होता. नॉटिंगहॅमशायरचा हा उंचापुरा फलंदाज इंग्लंडकडून कसोटी क्रिकेटही खेळला, आणि बॅटी बनवणाऱ्या गन अँड मूर या पेढीच्या नावातला गन तो हाच. आमच्या शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे त्या नावाची एक बॅट होती, जिला हात लावायला फक्त कप्तानाला परवानगी असे. क्रिकेटवेड्या कोकणातल्या गिऱ्हाइकाला फुटबॉलचा संच विकायचा, तर याहून चांगला दुवा कोणता मिळणार होता? इंग्लंडच्या बारा पत्त्यांपैकी एकावर तरी तो माणूस बॅट खाली ठेवून उभा असायला हवा होता.

आता प्रधानांकडे येऊ. परंपरेप्रमाणे प्रधान घोड्यावर असतो, आणि या संचातला प्रधान म्हणजे पंच, अशी कल्पना केली आहे. त्यामुळे काळा कोट घातलेला, मिशा पिळलेला, घोड्यावर बसलेला फुटबॉलचा पंच येथे चार वेळा पाहायला मिळतो. घोडा अर्थातच कल्पनेतला. परंतु प्रत्येक देशाला स्वतःचा प्रधान असणे ही गोष्ट मात्र, कर्त्याच्या नकळत असेल, पण खरी ठरली आहे. त्या काळी मैदानात दोन पंच असत, एकेका संघाने आणलेला एकेक. खेळाडूंनी दाद मागितली तरच ते निर्णय देत, आणि त्या दोघांचे एकमत झाले नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या, तटस्थ पंचाकडे प्रश्न जाई. हा तिसरा माणूस शिटी घेऊन मैदानात उतरला तो १८९१ मध्ये. ज्या पंचाचा पगार आपल्याच गावचा, त्याच्यापुढे दाद मागण्याचा प्रकार आमच्या तालुका स्पर्धांतून मी पुष्कळ पाहिला आहे. तेव्हा प्रधानाला राजाच्या शेजारी बसवण्यात चूक आहे असे मी म्हणणार नाही.

चुका इतरत्र आहेत, आणि त्या सर्व एकाच प्रकारच्या आहेत: चिताऱ्याने आजचा खेळ पाहिला आणि त्याला जुने कपडे घातले. स्कॉटलंडच्या सत्तीवर गोलाला सुंदर जाळी काढली आहे, मासेमारीच्या जाळ्याची आठवण व्हावी अशी, एकेक गाठ मोजता येईल अशी. संपूर्ण संचातले हे सर्वांत देखणे चित्र असेल. पण गोलाला जाळी आली १८९१ च्या सुमारास, ब्रॉडी नावाच्या लिव्हरपूलच्या अभियंत्याच्या डोक्यातून. १८८४ मध्ये दोन खांब आणि वर आडवी पट्टी एवढेच होते. चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर वाद घालण्यासाठीच तर ते दोन पंच होते. गोलरक्षकाला पिवळा सदरा दिला आहे, तर त्या वेळी तो आपल्या संघाचाच सदरा घालत असे. वेल्सच्या पंजीवर पेनल्टी किक दाखवली आहे. तीही १८९१ पूर्वी नव्हती.

सर्वांत मोठी चूक रंगाची आहे, आणि गंजिफात रंग चुकणे म्हणजे पानात मीठ चुकण्यासारखे. आयर्लंडचे सर्व पत्ते हिरवे आहेत. आज कोणीही तसेच करील. परंतु त्या काळचा आयर्लंडचा संघ निळ्या सदऱ्यांत खेळे, ज्याला तिकडे संत पॅट्रिकचा निळा म्हणतात, आणि हिरवा रंग बेलफास्टच्या संघाने १९३१ मध्ये घेतला. स्कॉटलंड गडद निळे आणि आयर्लंड फिके निळे असे दोन निळे जवळ ठेवले तर खेळताना गोंधळ होईल, असा व्यावहारिक बचाव दुकानदाराने केला. तो मला अर्धा पटला. पार्श्वभूमी हिरवी ठेवून खेळाडूचा सदरा निळा करता आला असता, आणि ज्या हातांनी पोपटी, मोरपंखी आणि अंजिरी या छटा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांना दोन निळे वेगळे करणे जड गेले नसते.

माहितीपत्रिका आठ पानांची आहे. तिची सुरुवात चांगली आहे. चारही देशांच्या संघटना थोड्याथोड्या वेगळ्या नियमांनी खेळत, आणि ज्याच्या अंगणात सामना त्याचे नियम, अशी सोय होती. ६ डिसेंबर १८८२ रोजी मँचेस्टरला चारही संघटनांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून एक नियमावली ठरवली, आणि त्यामुळेच पुढच्या हंगामात अशी स्पर्धा शक्य झाली, हे पत्रिकेत नेमके आले आहे. नियम जुळल्याशिवाय गुण मांडता येत नाहीत, हे आमच्याकडे गोट्या खेळणाऱ्या पोरालाही कळते. परंतु पुढे चौथ्या पानावर 'उत्तर आयर्लंड' असा उल्लेख येतो, जो १८८४ मध्ये संभवतच नाही, कारण त्या बेटाची फाळणी १९२१ ची आहे आणि तेव्हाचा संघ अखंड आयर्लंडचा होता. पाचव्या पानावर विजेत्या स्कॉटलंडला चांदीचा चषक मिळाल्याचे लिहिले असून त्याचे चित्रही काढले आहे. चषक नव्हता. या स्पर्धेला चषक मिळाला तो १९३५ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त. तोपर्यंत पन्नास वर्षे हे चार शेजारी केवळ नावासाठी भांडत होते. गुण सारखे झाले तर विजेतेपद वाटून घेत, आणि १९५५-५६ मध्ये तर चौघांचेही गुण सारखे होऊन चौघेही विजेते ठरले. शेवटची स्पर्धा १९८३-८४ ची, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. त्याही वेळी चौघांचे गुण सारखेच झाले, पण तोवर गोलफरक धरण्याचा नियम आला होता, आणि त्यावर उत्तर आयर्लंडने बाजी मारून तो चषक कायमचा आपल्याकडे ठेवला. एकच गोल करणाऱ्या रंगाची ही गोष्ट पत्रिकेत असती, तर न झालेल्या चषकाचे चित्र काढण्याची गरज पडली नसती.

स्कॉटलंड इतके भारी का, या प्रश्नाला पत्रिकेत 'शूरत्वामुळे' असे उत्तर आहे. हे उत्तर पोवाड्यात शोभले असते. इंग्लंडचे खेळाडू तेव्हा चेंडू पायाशी घेऊन एकट्याने मुसंडी मारण्यात भूषण मानत, तर स्कॉटलंडचे खेळाडू तो एकमेकांना देत पुढे सरकत. १८७२ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला या दोन देशांचा पहिला अधिकृत सामना ०-० असा सुटला, तेव्हा स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. एकत्र खेळण्याची सवय तेथूनची. १८८१ मध्ये लंडनच्या ओव्हलवर त्यांनी इंग्लंडला ६-१ असे हरवले, पुढच्या वर्षी ग्लासगोला ५-१ असे. आणि इंग्रजांना याचे इतके लागले की आपले उत्तम हौशी खेळाडू एकत्र खेळावेत म्हणून १८८२ मध्ये त्यांनी कॉरिंथियन हा क्लब काढला. १८८४ चा १-० हा त्या मालिकेतला एक निकाल आहे, अचानक झालेला चमत्कार नव्हे.

खेळायला हा संच कसा आहे, हेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ लोक गंजिफा विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. आम्ही तिघे शेजारी दर बुधवारी संध्याकाळी ओटीवर बसतो. ४८ पत्ते तिघांत १६ प्रमाणे बरोबर वाटले जातात. पारंपरिक खेळात दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करायची आणि रात्री कृष्णाचा, असा संकेत आहे. येथे पत्रिकेने दिवसा स्कॉटलंड आणि दिवेलागणीनंतर इंग्लंड असे ठरवले आहे, ज्याला काही कारण दिलेले नाही, पण खेळायला मजा येते. कोणते पत्ते उतरून गेले हे ध्यानात ठेवणे हाच सगळा खेळ असल्यामुळे चार रंगांचा हा लहान संच शिकाऊ माणसाला दहा रंगांच्या संचापेक्षा सोपा जातो. माझे शेजारी पहिल्याच दिवशी आयर्लंडची दश्शी मोठ्या दिमाखात टाकून बसले आणि माझ्या एक्क्याने ती उचलली, तेव्हा ते म्हणाले, "एकच गोल मारल्यानी, आणि तेंचोच एक्को मोठो?" त्यांना सामन्यांचे कोष्टक समजावून सांगितल्यापासून ते हा एक्का हातात आला की तोंडावरचा आनंद लपवू शकत नाहीत, आणि त्यामुळे हरतात.

टिकाऊपणाबद्दल माझे समाधान मिश्र आहे. मे महिन्यापर्यंत पत्ते उत्तम सरकत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवेतल्या दमटपणामुळे ते एकमेकांना हलके चिकटू लागले, आणि श्रावणात पेटीच्या आतल्या बाजूला बुरशीचे दोन ठिपके आले. हा दोष समुद्राकाठच्या आमच्या घराचा अधिक आणि लाखेचा कमी आहे. कोरड्या फडक्याने पुसून, पेटी चुलीमागच्या फळीवर ठेवून ऑगस्ट काढला, आणि रंग कोठेही उडाला नाही. खरी अडचण निराळी होती. घरी येऊन पत्ते मोजले, तेव्हा वेल्सच्या दोन चौक्या निघाल्या आणि इंग्लंडची छक्की नव्हती. दुकानात फोन केला तर आधी माझ्याच मोजण्यावर शंका घेतली गेली, आणि मग प्रत्यक्ष जाऊन पत्ते मांडून दाखवावे लागले. मात्र त्यानंतर तीन आठवड्यांत नवी छक्की रंगवून मिळाली आणि पैसे घेतले नाहीत. नव्या छक्कीचा पांढरा रंग बाकीच्यांपेक्षा किंचित उजळ आहे, त्यामुळे ती पालथी असतानासुद्धा कडेवरून ओळखू येते, आणि आमच्यातला जो सर्वांत सज्जन आहे तोच ती ओळखतो.

कलाकुसर आणि पत्त्यांचा मानक्रम यांना मी पैकीच्या पैकी गुण देईन. माहितीपत्रिकेला काठावर पास करीन. घेणाऱ्याने दुकानातच पेटी उघडून ४८ पत्ते रंगवार लावून पाहावेत आणि मगच पैसे द्यावेत. माझ्या टिपणांची दोन पाने मी दुकानात देऊन आलो आहे. पुढच्या संचात आयर्लंडचे सदरे निळे करू, असे चिताऱ्याने कबूल केले. जाळी मात्र गाळणार नाही, कारण ती रंगवायला त्याला दोन दिवस लागतात आणि तीच गिऱ्हाइकाला सर्वांत आधी आवडते, असे त्याने स्पष्ट सांगितले.